दोन्ही डाव्या

परवा रात्री शेवटी ते खोकं उघडलं. आत मॉडेल रेल्वेच्या एका छोट्या टँक इंजिनाचं, म्हणजे पाण्याची टाकी स्वतःच्याच अंगावर वाहणाऱ्या वाफेच्या इंजिनाचं, किट होतं. कोरलेल्या पितळेचे तीन पत्रे, चाकांची पुडी, गिअरबॉक्स, तारेचे तुकडे आणि बारीक ओतीव भागांच्या सतरा पिशव्या. खोक्यावरचा टपालाचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा. मी सगळं टेबलावर मांडलं, सूचनापत्रातली यादी पुढ्यात घेतली आणि एकेका भागासमोर पेन्सिलीनं खूण करत निघालो. हे काम खरं तर किट घरी आलं त्याच दिवशी करायचं असतं. सूचनापत्राच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं.

अकराव्या पिशवीत वाळूच्या पेट्या निघाल्या. वाफेच्या इंजिनाची चाकं ओल्या रुळावर घसरायला लागली की ड्रायव्हर चाकांच्या पुढ्यात वाळू सोडतो. ती वाळू एका पेटीत असते आणि पेटीतून एक नळी रुळापर्यंत खाली जाते. नळी एका अंगाला वळलेली असल्यामुळे डावी पेटी उजवीकडे चालत नाही. माझ्या पिशवीत पेट्या दोन होत्या. दोन्ही डाव्या.

मी त्या उलट्या करून पाहिल्या, पालथ्या घालून पाहिल्या, दिव्याखाली धरून पाहिल्या. जरा फिरवली तर डावी पेटी उजवी होईल, अशी आशा वाटावी असं माझं वय नाही, पण वाटली खरी.

लगेच लिहून टाकावं, असं आधी वाटलं. पाठोपाठ मनात आलं, की लिहायचं कोणत्या तोंडानं? याच किटसाठी मी ते बनवणाऱ्या गृहस्थांच्या मागे चौदा महिने भुंगा लावला होता. ‘कधी मिळेल’, ‘काही प्रगती’, ‘मागच्या मेलचं उत्तर आलं नाही’. इतकी निकड असलेल्या माणसानं खोकं आलं त्या दिवशी ते हातात घेऊन हलवून पाहिलं, आतला खुळखुळ ऐकून समाधान पावला आणि कपाटात इतर सहा खोक्यांवर ठेवून दिलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आणि वरात दारात आली तर नवरा झोपलेला.

हा छंद ज्यांना नाही त्यांना वाटतं, की मॉडेल रेल्वे म्हणजे दुकानातून खोकं आणायचं, रूळ जोडायचे आणि गाडी सोडायची. तेही खरंच आहे आणि त्यात कमी काही नाही. पण मोठे कारखाने जी इंजिनं काढतात ती हजारोंनी खपतील अशी असतात, कारण प्लॅस्टिक ओतायचे पोलादी साचे बनवण्याचा खर्च तेवढ्या खपाशिवाय निघत नाही. नावाजलेल्या एक्स्प्रेसचं इंजिन सगळ्यांनाच हवं असतं. एखाद्या बंदराच्या धक्क्यावर मालडबे ढकलणारं, मोजकेच नग बनलेलं, कुणी फोटोसुद्धा धड न काढलेलं इंजिन मात्र मला आणि माझ्यासारख्या आणखी फार तर शंभर जणांना हवं असतं. ते कोण करणार? त्यांच्यातलाच एक जण. आधी त्याला ते स्वतःसाठी हवं असतं, मग त्याच्या लक्षात येतं की एक करायला जेवढी उस्तवार, त्याहून थोडी जास्त केली की पंचवीस होतील. अशी त्याची ‘कंपनी’ निघते. तिचा मुख्य अभियंता, ओतारी, हिशेबनीस, पॅकिंगवाला आणि तक्रार निवारण अधिकारी हे सगळे एकच असतात आणि दिवसा ते दुसरीकडे नोकरीला असतात.

मापांच्या गोंधळामुळेही अशा लोकांचं चालतं. ओओ या मापात गाडी 1:76.2 प्रमाणात असते, पण ती ज्या रुळांवर धावते त्यांच्यातलं अंतर 16.5 मिलिमीटर. खऱ्या 1435 मिलिमीटरच्या रुळाला त्या प्रमाणात 18.83 मिलिमीटर हवेत. म्हणजे गाडी ठीक, रूळ अरुंद. कोट्यवधी डबे या विसंगतीवर सुखानं धावले आहेत. पण ज्याला ही तफावत एकदा दिसली त्याला ती दिसतच राहते आणि मग त्याला 18.83 च्या रुळाची चाकं, आस, फ्रेम हे सगळं वेगळं लागतं. ते मोठ्या कारखान्यात मिळत नाही. कुणाच्या तरी मागच्या खोलीत मिळतं.

आता त्या मागच्या खोलीत काय चालतं ते सांगतो, कारण मला ते चौदा महिन्यांपैकी तेराव्या महिन्यात कळलं आणि तेही वैतागून मेल पाठवल्यावर.

कोरीव पत्रा म्हणजे हातानं कोरलेला नव्हे. आधी संगणकावर सगळ्या भागांचं रेखाटन करायचं, त्याच्या दोन फिल्म काढायच्या, पत्र्याच्या पुढची एक आणि मागची एक. पत्र्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप असतो. फिल्ममधून अतिनील प्रकाश टाकून तो धुतला की काही भाग झाकलेला राहतो आणि काही उघडा पडतो. उघडा भाग फेरिक क्लोराइडसारखं रसायन खाऊन टाकतं. दोन्ही बाजूंनी उघडा असेल तिथे आरपार भोक. एकाच बाजूनं उघडा असेल तिथे निम्म्या जाडीपर्यंत चर, आणि त्या चरावर पत्रा बोटानं दुमडता येतो. एक रेघ चुकून पुढच्या फिल्मऐवजी मागच्या फिल्मवर गेली, तर ड्रायव्हरच्या केबिनची भिंत आत वळायची ती बाहेर वळते. पत्रा 0.4 मिलिमीटर जाडीचा असेल आणि घडीच्या हिशेबात ती जाडी धरायची राहिली, तर खऱ्या इंजिनाच्या मापात तीन सेंटिमीटरची चूक झाली. ही चूक पडद्यावर दिसत नाही. पत्रा कोरून आल्यावर, कापून, दुमडून, डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, दिसते. मग रेखाटन दुरुस्त करायचं, फिल्म पुन्हा काढायच्या आणि कोरणाऱ्या कारखान्याच्या रांगेत पुन्हा शेवटी उभं राहायचं. त्या कारखान्याची मुख्य कामं वेगळीच असतात. आपलं इंजिन त्यांना मधल्या फटीत घ्यायचं असतं, आणि तेही ठरावीक संख्येनं पत्रे घेणार असाल तर. आमच्या गृहस्थांची केबिन दोनदा बाहेर वळली होती.

काही पत्रे पितळेऐवजी जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नसते. पण डाग छान घेतं आणि रुळाच्या रंगाच्या जवळ जातं, म्हणून लोकांना आवडतं.

चिमणी, घुमट, वाळूच्या पेट्या हे ओतीव भाग. व्हाइट मेटल नावाचा मिश्रधातू वितळवून रबराच्या साच्यात ओततात. त्यात मुख्यतः कथील, जोडीला शिसं, अँटिमनी, बिस्मथ. साचा तबकडीसारखा गोल असतो आणि ओतताना तो गरगर फिरवतात, म्हणजे धातू कडेपर्यंत, बारीकसारीक कोपऱ्यांत जाऊन बसतो. एकाच तबकडीत डावी पेटी, उजवी पेटी, चिमणी, बफर असं सगळं दाटीवाटीनं बसवलेलं. फिरवणं थांबलं की चाकाच्या आऱ्यांसारखं झाड बाहेर येतं. त्यातून भाग खुडायचे, ढीग करायचा आणि मग ढिगातून मोजून पिशव्या भरायच्या. डावी-उजवीची गफलत होते ती इथे. दिवसभर नोकरी करून आलेला माणूस रात्री अकरा वाजता मोहरीएवढ्या वस्तू निवडतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की नवल वाटतं ते हे, की बाकीच्या सोळा पिशव्या बरोबर कशा.

शिवाय जे त्याच्या हातात नाही तेही असतंच. मोटार दुसऱ्याची, चाकं तिसऱ्याची. जपानच्या माशिमा कंपनीच्या छोट्या मोटारी कित्येक वर्षं अशा किटांच्या जीव की प्राण होत्या. गिअरबॉक्स त्यांच्या मापानं आखले जायचे. पुढे माशिमानं काम बंद केलं. आजही जुन्या सूचनापत्रांत ‘1420 क्रमांकाची मोटार बसवा’ असं खुशाल लिहिलेलं सापडतं.

तेराव्या महिन्यातल्या माझ्या मेलमध्ये एक वाक्य असं होतं: ‘धंदा करायचा तर निदान उत्तर देण्याचं सौजन्य असावं.’ हे वाक्य मी दोनदा वाचून, समाधानानं पाठवलं होतं. उत्तर रविवारी रात्री आलं. केबिनची हकीकत, चाकवाल्याची हकीकत, आणि शेवटी कुठलाही राग न दाखवता लिहिलेली एक ओळ: ‘या आठवड्यात ‘कधी मिळेल’ या मेलना उत्तरं लिहिण्यात तीन संध्याकाळी गेल्या, त्यामुळे ओतकाम पुढच्या आठवड्यात.’

मी हिशेब केला. चौदा महिन्यांत माझ्या मेल सात. माझ्यासारखे पंचवीस. ज्या गोष्टीला उशीर होतोय म्हणून मी विचारत होतो, त्या उशिरातला एक वाटा माझ्या विचारण्याचाच होता.

मोठ्यांच्या बाबतीत आपण इतके हिशेबी नसतो. मोठा कारखाना नवं इंजिन जाहीर करतो आणि ते हातात पडायला दोन वर्षं लागली तर आपण त्याला उत्सुकता म्हणतो. 2008 च्या अखेरीस चीनमधला सांदा कान हा मॉडेल रेल्वेचा अवाढव्य कारखाना काडर कंपनीनं विकत घेतला. त्याच्या आधी आणि नंतर जो गोंधळ उडाला त्यात हॉर्नबीसारख्या नामांकित कंपनीच्या मालालाही उशीर झाला. लोक कुरकुरले, पण सौजन्याची शिकवण कुणी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. शिकवायला समोर नावागावाचा एकटा माणूस लागतो.

पण म्हणून लहान आहे एवढ्यावर कुणाला सगळं माफ, असं मी मानत नाही. एका दुसऱ्या माणसाला मी डब्यांच्या बाजूंच्या पत्र्यांसाठी पूर्ण रक्कम आगाऊ दिली होती. पहिले दोन महिने उत्तरं आली, मग यायची थांबली. आठव्या महिन्यात त्यानं नवं किट जाहीर केलं आणि त्याच्याही आगाऊ मागण्या घ्यायला लागला. माझ्या ओळखीचे आणखी तिघे त्याच्याकडे अडकले होते. चौघेही सभ्य. एकटा माणूस आहे, काही अडचण असेल, कशाला बोला, म्हणून चौघेही गप्प. प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच राहिलंय. खरं तर तो नव्या लोकांच्या पैशांतून जुन्यांचे पत्रे कोरून घेत होता आणि आमच्या सभ्यपणामुळे त्याला आणखी नवे लोक मिळत होते. महिन्याभरानंतरची एक तारीख देऊन मी लेखी कळवलं, ती उलटल्यावर बँकेकडे तक्रार केली, पैसे परत आले. उरलेल्या तिघांपैकी एकाला अजून मिळालेले नाहीत. मी आधी बोललो असतो तर कदाचित ते तिघे अडकलेच नसते, हे मला अजून टोचतं.

उशीर दोघांनीही केला. सांगायला गेलं तर सौजन्याचं वाक्य खरं या दुसऱ्यालाच लिहायला हवं होतं, आणि त्याला मी नेमका अदबीनं लिहीत राहिलो. वाळूच्या पेटीवाल्यांनी माझ्याकडून पैसे किट तयार झाल्यावर घेतले होते. चौदा महिने मी ज्यांच्यावर डाफरत होतो, त्यांच्याकडे माझी दमडीसुद्धा नव्हती.

गप्प बसण्याचा आणखी एक किस्सा आहे. एक बाई डब्यांवरच्या अक्षरांचे आणि आकड्यांचे ताव छापतात, पाण्यात भिजवून सरकवायचे असतात ते. पांढरी अक्षरं छापणं हे त्यातलं दुखणं, कारण साध्या प्रिंटरला पांढरा रंग नसतो. आल्प्स कंपनीच्या मायक्रोड्राय प्रिंटरमध्ये पांढरी आणि धातूच्या चमकीची रिबन चालायची, म्हणून लहान छपाईवाले त्याच्यावर विसंबले. ते प्रिंटर आता बनत नाहीत. बाईंकडे दोन आहेत, एक छापायला आणि एक पहिल्याला सुटे भाग पुरवायला. त्यांच्या एका तावावर एका डब्याचा क्रमांक चुकला होता. मी सुरीनं आकडे कापून उलटसुलट लावून घेतले, मित्रांना ती चूक दाखवून थोडं हसलोही, पण त्यांना कळवलं नाही. एवढ्याशासाठी कशाला त्रास द्या, असा माझा मोठेपणा. दोन वर्षांनी प्रदर्शनात त्या भेटल्या तेव्हा सहज बोलून गेलो. त्यांचा चेहरा पडला. ‘तो ताव मी तीनदा छापला,’ त्या म्हणाल्या, ‘कोणीच बोललं नाही.’ एवढी जपून ठेवलेली रिबन तीन वेळा चुकीच्या आकड्यावर खर्च झाली होती.

तर वाळूच्या पेटीबद्दल लिहायचं, हे ठरलं. पण हात रेंगाळत होता, त्याला आणखी एक कारण होतं. ते सांगितलं नाही तर ही हकीकत अर्धीच राहील.

याच गृहस्थांचं याआधीचं एक इंजिन मी जोडलेलं आहे. व्हाइट मेटल जोडायला सत्तर अंशांच्या आसपास वितळणारा खास डाग मिळतो आणि इस्त्रीही मंद ठेवावी लागते. आम्ही डाग द्यायच्या कांडीला इस्त्रीच म्हणतो. मी घाईत पितळेसाठी तापवलेली इस्त्री तशीच चिमणीला लावली. सुंदर, निमुळती, वर नाजूक कड असलेली चिमणी एका क्षणात टेबलावर चकचकीत थेंब होऊन पडली. मी त्यांना लिहिलं, ‘चिमणीच्या ओतकामात दोष दिसतो, बदलून मिळेल का?’ शब्द अगदी मोजून वापरले होते. दोष दिसतो, कुणाचा ते लिहिलं नव्हतं. ताकाला जायचं आणि भांडं असं लपवायचं. आठवड्याभरात पाकीट आलं. चिठ्ठी नव्हती, बिल नव्हतं. आत दोन चिमण्या होत्या.

दुसरी कशासाठी, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मला कळायला मात्र वेळ लागला नाही. पंधरा-वीस वर्षं ओतकाम करणाऱ्याला फुटलेला साचा आणि तापलेली इस्त्री यांतला फरक मी सांगावा लागत नाही. ती दुसरी चिमणी मी अजून वापरलेली नाही. डबीत ठेवली आहे.

या माणसाला आता तीन वर्षांनी कळवायचं, की तुमच्या किटमध्ये दोन डाव्या पेट्या निघाल्या. आणि या वेळी ते खरं होतं.

तीन मसुदे झाले. पहिल्यात मी खोकं नुकतंच आल्यासारखं लिहिलं होतं, तो फाडला. दुसऱ्यात इतकी क्षमा मागितली होती की पेटीचा उल्लेख चौथ्या परिच्छेदात आला, तोही फाडला. तिसरा पाच ओळींचा. किट तीन वर्षांपूर्वी घेतलं, उघडलं परवा, वाळूच्या पेट्या दोन्ही डाव्या आहेत, उजवीचे आणि टपालाचे पैसे कळवा, घाई नाही. ‘घाई नाही’ लिहिताना मलाच हसू आलं. मग आणखी एक ओळ घातली: मागे ती चिमणी माझ्या इस्त्रीनं वितळली होती.

नऊ दिवसांनी, रविवारी रात्री, उत्तर आलं.

‘चिमणीचं माहीत आहे. उजवी पेटी उद्या टाकतो, पैसे नकोत. जमलं तर जास्तीची डावी परत पाठवा, मी जपून ठेवीन. तुमच्याकडे दोन डाव्या गेल्या म्हणजे कोणाकडे तरी दोन उजव्या गेल्या असणार. त्यांचं अजून पत्र आलेलं नाही.’